काचेवरचं बोलावणं

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी तिकडून खामगावच्या नव्या थिएटरची दोन तिकिटं काढून माझ्या फोनवर पाठवलीत, आणि दुसऱ्या दिवशी विचारलंत, आजी, कसा होता सिनेमा? मी म्हणाले, चांगला होता, पण गुडघे दुखायला लागले म्हणून आम्ही मध्येच निघून आलो. ते खरं नव्हतं. गुडघे एरवी दुखतात, पण त्या दिवशी दुखत नव्हते. खुर्च्या इतक्या मऊ होत्या की गुडघ्यांना तक्रार करायला जागाच नव्हती. शाळेत मी तेहेतीस वर्षं मुलांना सांगत आले की कारण द्यायचं तर खरं द्या, नाहीतर कारण सांगायचं नाही असं सरळ सांगा. म्हणून हे लिहायला बसले. फोनवर जमणार नाही. तुमच्याकडे सकाळ असते, तुम्ही एका हाताने डबा भरत असता, आणि ही गोष्ट तशी सांगण्यासारखी नाही.

परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, पुढच्या रविवारची तिकिटं काढू का? त्याचं उत्तरही यातच देते, पण आधी पहिलं सांगून होऊ दे.

मी लग्न होऊन नांदुऱ्याला आले तेव्हा स्टेशनच्या अलीकडे एक टॉकीज होती. पत्र्याचं छप्पर, पुढे बाकडी, मागे लाकडी खुर्च्या, आणि डाव्या हाताला कमरेइतकी भिंत घालून वेगळी केलेली बायकांची जागा. तुम्हाला वाटेल जुन्या काळी लोक शांत बसून सिनेमा पाहत असतील. तसं काही नव्हतं. पुढच्या बाकड्यांवर शिट्ट्या चालत, पायाखाली शेंगांची टरफलं कुरकुरत, आणि विडीचा धूर पडद्याकडे जाणाऱ्या उजेडात निळा होऊन तरंगत राही. बायकांच्या भागात तर प्रत्येक खेळाला एक तरी अशी असे, जिने तोच सिनेमा आदल्या दिवशी पाहिलेला असे. ती सगळ्यांना आधीच सांगून टाकी, "आता पाह्यजो, हा मरते."

मला ते सहन होत नसे. मी अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणारी. मागे वळून बघायचं, बोट ओठांवर ठेवायचं, आणि तरी आवाज थांबला नाही तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पेन्सिल वाजवायची, अशी माझी पद्धत होती. पेन्सिल माझ्या पर्समध्ये नेहमी असे. तुमचे आजोबा म्हणत, ही पडद्याकडे कमी आणि मागेच जास्त पाहते, हिला अर्ध्या तिकिटात सोडायला पाहिजे.

तरी मी दर दोन-तीन आठवड्यांनी जायचेच. सिनेमातल्या गोष्टीसाठी नाही. गोष्टी बहुतेक सारख्याच असत. मी जायचे ते मला तिथे कोणी हाक मारू शकत नसे म्हणून. घरी सासूबाईंची हाक, तुमच्या बाबाचं रडणं, तो तेव्हा दोन वर्षांचा होता, शाळेत घंटा, शाळेतून आल्यावर दारात वह्या घेऊन उभी असलेली मुलं. पाणी आलं, हाक. दूधवाला आला, हाक. टॉकीजच्या अंधारात तीन तास मी कोणाची बाई नव्हते की सून नव्हते. तुम्हाला आज हे 'मी-टाइम' वगैरे म्हणून समजेल. मला तेव्हा त्याला शब्द नव्हता, आणि असता तरी मी तो कोणाला सांगितला नसता.

पण अंधारातही हाक पोचवायची एक सोय होती, आणि मी जे सांगते आहे ते सगळं त्या सोयीपाशी येऊन थांबतं.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. सिनेमाला बसलेल्या माणसाला तातडीने बोलवायचं झालं तर कोणीतरी टॉकीजच्या दारावर यायचं आणि डोअरकीपरला सांगायचं. तो कागदावर लिहून वर मशीनच्या खोलीत देई. वरच्या ऑपरेटरकडे काजळी धरलेल्या काचेचे तुकडे ठेवलेले असत. तो खिळ्याने त्यावर अक्षरं कोरी आणि ती काच दुसऱ्या एका दिव्यासमोर धरी. मग चालू सिनेमात, कधी नायिकेच्या पायाशी तर कधी खलनायकाच्या पोटावर, पांढरी वाकडीतिकडी अक्षरं उमटत. अमक्या गावचे अमके यांनी बाहेर यावे. बाई असेल तर नवऱ्याचं नाव, आणि पुढे 'यांच्या पत्नीने' असं. का यावं, ते कधीच नसे. तेवढी जागाच नसे त्या काचेवर.

अक्षरं उमटली की सगळं थिएटर सिनेमा सोडून कोण उठतं ते बघे. एखादा संग्रामपूरकडचा पाटील धोतर सावरत उठला की मागून कोणीतरी म्हणे, "जा बाप्पा, म्हैस व्याली." दुसरा म्हणे, "म्हैस नाही बे, बायको आली धुंडत." हशा पिके. मी पेन्सिल वाजवी.

आमच्या शाळेतल्या पोरांनी यात एक खेळ शोधून काढला. डोअरकीपरला खोटा निरोप द्यायचा आणि स्वतः पुढच्या बाकड्यावर जाऊन बसायचं. मास्तर लोक उठून बाहेर जात, दारात कोणी नसे, आणि परत येताना त्यांना पुढच्या रांगेतून खोकल्याचा आवाज येई. गणिताच्या सरांवर हे झालं, मुख्याध्यापकांवरही झालं. एकदा माझ्यावर झालं. पडद्यावर आलं, 'इंग्रजीच्या बाईंनी बाहेर यावे.' तुमच्या बाबाला ताप होता त्या आठवड्यात. मी धावत बाहेर गेले तर डोअरकीपर म्हणाला, "दोन पोट्टे आलते बाई, सांगून पयाले." परत आले तेव्हा अर्धं थिएटर हसत होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटे, बाहेर या बाई. कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, पुन्हा त्या काचेवर काहीही येवो, आपण उठायचं नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या बाबानेही पाहिलं ते आठवण्याच्या वयात नाही. ते अमडापूरला भाजी पिकवत आणि बाजाराच्या दिवशी स्वतः घेऊन बसत. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मराठी चांगलं वाचत, पण इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नसे. मुलीला कॉलेजात पाठवलं म्हणून गावाने त्यांना बरंच ऐकवलं होतं. ते काही उत्तर देत नसत. त्याऐवजी त्यांनी एक सवय लावून घेतली होती. इंग्रजी लिहिलेला जो कागद हाती येई तो जपून ठेवत, आणि मी माहेरी गेले की माझ्यापुढे मांडत. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, फवारणीच्या डब्यावरची पट्टी, खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल. मी वाचून मराठीत सांगायचे आणि ते आईकडे बघायचे. बाटली संपून महिना झालेला असे, तरी लेबल वाचायचं राहिलेलं असे. गावात पोस्टमास्तर होता, शाळेचे मास्तर होते, ते वाचून देऊ शकले असते. पण इंग्रजी कागद माझ्यासाठी राखून ठेवलेला असे.

थंडीचे दिवस होते, रविवार. तुमच्या आजोबांची स्टेशनच्या माल-ऑफिसात ड्यूटी होती. मी आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंबरोबर दुपारी तीनच्या खेळाला गेले. तासभर झाला असेल. पडद्यावर अक्षरं आली, 'इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी बाहेर यावे.'

पुढच्या बाकड्यांवरून लगेच खोकला सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, "जा नं बाई." शिवणाच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "जाऊन पाहून तर या."

मी म्हणाले, "आज नाही. आज त्यांना बसू दे वाट पाहत."

थोड्या वेळाने तीच काच पुन्हा आली. या वेळी जास्त हसले. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि पुढच्या खुर्चीवर जोरात वाजवली. मला आठवतं, मला फार बरं वाटलं होतं. मी संपूर्ण सिनेमा पाहिला, आणि शिवणाच्या बाईंबरोबर शेंगा खात सावकाश घरी आले.

पुढचं मला तिघांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. मी ते क्रमाने लावून सांगते.

माझे वडील अमडापूरहून खामगावमार्गे एस.टी.ने नांदुऱ्याला उतरले होते. साडेपाचच्या सुमाराला मुंबईची गाडी होती, तिने ते पुढे जाणार होते. माझा चुलतभाऊ तिकडे मिलमध्ये होता, त्याच्याकडे उतरून मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. पोटाचं दुखणं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. मुंबईला जाणार आहेत, हे ठाऊक नव्हतं. त्यांचं पत्र आम्हाला ते मुंबईला रवाना झाल्यानंतर तीन दिवसांनी मिळालं. ते घरी आले, सासूबाईंनी चहा केला. माझी चौकशी केली तेव्हा सासूबाईंना सांगायला संकोच वाटला, पण त्यांनी सांगितलं. सासूबाईंच्या कडेवर तुमचा बाबा, वडिलांना चालवत नव्हतं, म्हणून शेजारच्या काकूंना टॉकीजवर पाठवलं.

काकू टॉकीजच्या दारावर आयुष्यात पहिल्यांदा गेल्या होत्या. डोअरकीपरने नेहमीचा प्रश्न विचारला, कोणाच्या घरच्या बाई? म्हणजे नवऱ्याचं नाव सांगा. आता काकूंच्या यजमानांचं नाव आणि तुमच्या आजोबांचं नाव एकच. तुम्हाला आज हसू येईल, पण आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि ते नाव दुसऱ्या कोणाचं असलं तरी घेत नसे. काकू आजोबांना कायम 'माल-ऑफिसवाले' म्हणत. त्यांनी डोअरकीपरला सांगितलं, "माह्या मालकाचं हाय तेच नाव हाय त्याइचं."

"मंग तुमच्या मालकाचं काय?"

"थे मी कसं घेऊ?"

तिकिटाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं हसायला लागली. काकू घाबरल्या. आडनाव त्यांना त्या क्षणी सुचलं नाही. डोअरकीपर म्हणाला, मग लिहू काय? आणि काकूंनी त्यांच्या मते सर्वांत चांगली खूण सांगितली. इंग्रजी शिकवते ना, थ्या बाई. बाप आला म्हणा अमडापूरहून. डोअरकीपरने खूण लिहिली. बापाचं लिहिलं नाही, कारण काचेवर कारण लिहीत नसत.

नवऱ्याचं नाव आलं असतं तर मी उठले असते. पोरं नवऱ्याचं नाव कधी लिहीत नसत. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. हे मी गेली इतकी वर्षं मनात म्हणत आले आहे, आणि त्यात काकूंवर दोष ढकलायचा प्रयत्न आहे हेही मला कळतं.

काकूंनी दोनदा काच लावायला लावली. बायकांच्या भागात डोअरकीपरला शिरायची मुभा नव्हती, आणि बिनतिकिटाचं आत जावं हे काकूंच्या डोक्यात आलं नाही. त्या घरी परतून म्हणाल्या, निरोप दिला, येतेच आहे. वडील बसून राहिले. मग उठले. सासूबाई म्हणाल्या, थांबा, मी पुन्हा पाठवते कोणाला तरी. तेव्हा ते म्हणाले, "पाहू द्या तिले खेळ. येतानी भेटतोच मी."

स्टेशनवर तुमच्या आजोबांनी त्यांना गाडीत बसवून दिलं.

ते परत आले नाहीत. अकराव्या दिवशी चुलतभावाची तार आली. काही दिवसांनी तो स्वतः त्यांची पिशवी घेऊन अमडापूरला आला. पिशवीत एक धोतर, चष्मा, आईने दिलेल्या दशम्यांचं फडकं, आणि एक लांबट पाकीट होतं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. आत बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी होती, इंग्रजीत. चुलतभाऊ म्हणाला, काकांनी ही आधी दाखवलीच नाही. भरती झाल्यावर डॉक्टरांनी मागितली तेव्हा दिली. म्हणत होते, वाचायची राहिली.

मी ती माहेरच्या ओसरीवर बसून वाचली. पाच ओळी होत्या. रोग फार पसरला आहे. शस्त्रक्रियेने उपयोग होईल असं वाटत नाही. रुग्णाच्या इच्छेवरून पाठवत आहे. रुग्णाला सांगितलेलं नाही.

ते नांदुऱ्याला मला भेटायला उतरले होतेच, पण तो कागद वाचून घ्यायलाही उतरले होते. तो माझ्यासाठी राखलेला होता. वाचला असता तर ते मुंबईला गेले असते का? कदाचित त्याच एस.टी.ने घरी परत गेले असते आणि आपल्या खाटेवर, आईजवळ त्यांनी प्राण सोडला असता. आणि याहून एक वाईट विचार आहे, तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. मी तो कागद वाचला असता, तर त्यांना खरं सांगितलं असतं का? कदाचित मी पाच ओळींच्या जागी दुसऱ्याच पाच ओळी वाचून दाखवल्या असत्या, बाटलीवरच्या लेबलासारख्या. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला असता. तेवढा हक्क त्यांचा होता.

ती चिठ्ठी मी कोणालाच दाखवली नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. वडिलांनी ती जावयाला दाखवली नव्हती. मी का दाखवावी, असं मी स्वतःला सांगितलं. आतून वेगळं होतं. काच आली होती आणि मी उठले नव्हते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कोणी मला एक शब्द बोललं नव्हतं. चिठ्ठी निघाली असती तर बोलले असते.

त्यानंतर काही वर्षं मी टॉकीजला गेले नाही. वह्या तपासायच्या आहेत, असं सांगायचे. मग घरी टी.व्ही. आला आणि कारण द्यायची गरज उरली नाही. पुढे टॉकीज बंद पडली, तेव्हा गावाने हळहळ केली. मला सुटल्यासारखं झालं. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी एका लग्नाला आम्ही गेलो होतो. नवरानवरी जिथे बसतात तिथे पडदा होता. मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. ज्या चौकोनी भोकांतून उजेड यायचा, त्यांतलं एक बुजवलंय आणि दुसऱ्यात पंखा बसवलाय.

तुमच्या आजोबांना मात्र सिनेमा अजून आवडतो. मोठ्या पडद्याचं घरी येत नाही म्हणतात. म्हणून तुमची तिकिटं आली तेव्हा मी नाही म्हटलं नाही. फोनवरचं तिकीट मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. दारावरचा मुलगा म्हणाला, कागद नाही लागत आजी. तुम्ही आम्हाला बरोबर मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या दिल्या होत्या. तिथून चित्र सर्वांत चांगलं दिसतं, हे खरं.

त्या दिवशी काय काय चाललं होतं ते तुम्हाला ऐकायला आवडेल, कारण तुम्ही म्हणता आता लोकांना थिएटरचे मॅनर्स नाहीत. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावून अख्खी मारामारी दाखवली, आणि पलीकडचा विचारत होता, कोणता सिनेमा आहे. दोन मुलींनी गाण्याच्या वेळी पडद्याकडे पाठ करून स्वतःचं शूटिंग केलं. एका बाळाला आईने मोबाइलवर कार्टून लावून दिलं होतं, आवाजासकट. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. पूर्वी निदान भांडण व्हायचं. मी मागे वळून पाहिलं तर तुमचे आजोबा म्हणाले, "पेन्सिल आनली का?"

माझ्या डाव्या हाताला एक तरुण मुलगी एकटीच बसली होती. मध्यंतर होऊन थोडा वेळ झाला, आणि तिच्या मांडीवरचा फोन उजळला. आवाज बंद होता, पण उजेड थेट माझ्या चष्म्यावर. तिने उपडा ठेवला. पुन्हा उजळला, कडेने उजेड दिसायला लागला. तिसऱ्यांदा उजळला तेव्हा ती उचलायला गेली आणि मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "बंद करा तो. घरी बसून बोलायचं होतं."

तिने "सॉरी आजी" म्हटलं आणि फोन पूर्ण बंद केला. काळी काच झाली त्याची. ती तो हातात धरून बसली.

मी पडद्याकडे बघायला लागले, पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती सिनेमा बघत नाहीये. ती त्या काळ्या काचेकडे बघत होती. तिला कोण बोलावत होतं? तीनदा कोणी उगाच बोलावतं का? आणि मी तिला उठू दिलं नाही. इतक्या वर्षांनी मीच ती काच पुसून टाकली होती.

मी तिच्या हाताला हात लावला आणि म्हणाले, "चालू कर तो. बाहेर जाऊन बोल."

ती म्हणाली, "राहू द्या आजी, नंतर बोलीन मी."

"नंतर नको. आत्ता जा."

मी इतक्या जोराने बोलले असणार की मागून कोणीतरी 'शू' केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी सिनेमात गप्प केलं. ती उठली, आणि मीही तिच्या मागे उठले. मधल्या खुर्च्यांवरून बाहेर पडायला अकरा माणसांचे पाय ओलांडावे लागले, मी मोजले. बाहेर जिन्यापाशी ती फोन लावून बोलत होती आणि मी भिंतीला धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती दोन मिनिटं बोलली आणि हसली. मला म्हणाली, "मम्मी होती. गिरणीत द्यायचं दळण कुठं ठेवलं म्हणे. तुम्ही काऊन आल्या बाहेर? बरं नाही वाटत का तुम्हाले?"

मी म्हटलं, बरं आहे. ती आत गेली. मला जाता येईना. दळणच होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, तरी मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तुमचे आजोबा शोधत बाहेर आले. आम्ही स्टँडवर येऊन नांदुऱ्याची एस.टी. पकडली.

गाडी खामगावच्या बाहेर पडली तेव्हा मी त्यांना त्या चिठ्ठीचं सांगितलं. पाच ओळी, पाठ आहेत, इंग्रजीत म्हणून दाखवल्या आणि मग मराठीत. ते खिडकीतून बाहेर कापसाच्या गाड्यांकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "पाकीट मी पाह्यलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग त्यांनी सांगितलं. गाडीत बसल्यावर माझ्या वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून ते पाकीट काढलं होतं. हातात धरलं, आजोबांकडे पाहिलं, आणि परत खिशात घातलं. आजोबांनी विचारलं, काय आहे? ते म्हणाले, काही नाही, तिच्यासाठी होतं. आजोबांना वाटलं, मायलेकींचं काही पत्र असेल. नंतर, ते वारल्यावर, त्यांच्या मनात आलं की ते दवाखान्याचंच असणार. पण मी काही बोलले नाही म्हणून तेही बोलले नाहीत.

"मले वाचता येत होतं वं," ते म्हणाले. "चार शब्द मीही शिकलो होतो. पण मागू कसं? जावई होतो मी. गाडी हालली तोवर उभा होतो खिडकीपाशी. मागतलं असतं तर देल्लं असतं का त्याइनं?"

इतकी वर्षं आम्ही एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून जेवलो, आणि दोघांकडे त्या एकाच पाकिटाची एकेक बाजू होती.

चिठ्ठी माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, तुमच्या बाबाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये, सर्वांत शेवटी. घरी येऊन मी ती आजोबांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि परत माझ्याकडे दिली. ती तुमच्यासाठी जपून ठेवायची की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काढा तिकिटं, आजोबांना जायचं आहे. मला पूर्वीसारखा सिनेमा आवडेल असं वाटत नाही. ज्या कारणासाठी मी जायचे, ते कारणच आता मला नको आहे. पण मधल्या खुर्च्या काढू नका. कडेच्या काढा, दाराच्या अगदी जवळच्या, चित्र तिरपं दिसलं तरी चालेल. माझा फोन चालूच राहील आणि मांडीवर सरळ ठेवलेला असेल. शेजारच्याला त्रास होईल. मी आधीच त्याची माफी मागून ठेवीन. तुमच्याकडे किती वाजलेत ते बघू नका. काही असलं तर लावा, काही नसलं तरी लावा. मी उठेन.